क्षमेचं नंतर बघू, आधी रात्रपाळी वाटून घ्या

पत्र थोडक्यात : वय 51, लग्नाला 27 वर्षं, तालुक्याच्या गावी घर. 14 महिन्यांपूर्वी सासूबाईंना (वय 79) अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. तेव्हापासून त्यांचं सगळं पत्रलेखिकाच करतात. याच सासूबाईंनी दुसरीही मुलगीच झाली म्हणून बारशापर्यंत बाळाचं तोंड पाहिलं नव्हतं. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा "पोळ्या उरकून जा" म्हणाल्या होत्या. पोळ्या उरकून, एसटी धरून माहेरी पोचेपर्यंत वडिलांना नेलेलं होतं. आता नणंदबाई महिन्यातून एकदा पुण्याहून येतात, आईजवळ बसून रडतात आणि निघताना सांगतात, "वहिनी, आता आईला माफ करा." यजमान म्हणतात, "माझ्याच्यानं तिच्याकडे बघवत नाही." सासूबाईंना चार शब्द धड येत नाहीत, पण "अवदसा" तेवढं स्पष्ट येतं. कीर्तनात नाथांची गोष्ट ऐकली, तीही टोचली. गेल्या महिन्यात एका दुपारी सासूबाईंनी पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवून लघवीचं भांडं मागितलं, आणि पत्रलेखिका स्वयंपाकघरात गॅस बंद केलेलं दूध दहा मिनिटं ढवळत उभ्या राहिल्या. चादर ओली झाली. "त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. मला बरं वाटलं. मग माझीच मला भीती वाटली. क्षमा मनात येतच नाही. वरवर प्रेम दाखवू का? की मी मुळातच वाईट आहे?"

ताई,

सुरुवात त्या दहा मिनिटांपासून करू. ती तुम्हाला लपवता आली असती. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि सासूबाई सांगू शकत नाहीत. तरी तुम्ही लिहिलंत, म्हणून मीही गुळमुळीत बोलत नाही. परावलंबी माणसाला मुद्दाम ताटकळत ठेवणं हा छळ आहे, आणि तो असाच सुरू होतो. भांडं द्यायला उशीर, कूस बदलताना जरा जोरात ओढणं, आमटी अळणी आहे हे माहीत असून तशीच भरवणं, चमचा हाताला लागणार नाही असा ठेवणं. त्यासाठी माणूस राक्षस असावा लागत नाही. 14 महिने मोडकी झोप, पोटात जुना राग आणि समोर उलट बोलू न शकणारं माणूस, एवढी सामग्री पुरते. तुम्हाला बरं वाटलं याची फार लाज बाळगू नका. जिच्यापुढे 27 वर्षं खालमानेनं काढली तिच्यावर आज आपली सत्ता चालते हे कळल्यावर कुणालाही क्षणभर बरं वाटेल. काळजी याची आहे की ते पुन्हा करावंसं वाटेल.

म्हणून हे आजच ठरवा. चमचा वाजला आणि पाय उचलेना, तर आधी तोंडानं ओ द्या : "आले." एकदा आवाज दिला की दूध ढवळत राहणं अवघड होतं. जाऊन भांडं द्या, बोलावंसं वाटत नसेल तर गप्प राहा. काम झालं की त्यांना कुशीवर नीट टेकवा, पलंगाची दांडी वर करा आणि खोलीबाहेर या. मनगटांवर गार पाणी सोडा आणि एका ठरलेल्या माणसाला फोन करा. ते माणूस कोण हे रागाच्या वेळी सुचत नाही, म्हणून आजच ठरवून ठेवा, बहीण असो की मैत्रीण. कुणीच नसेल तर 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलतात.

आता क्षमेबद्दल. तुमच्या पत्रात हा एक शब्द तीन वेगवेगळी ओझी वाहतोय. मनातला आकस जाणं, सासूबाईंची शुश्रूषा करणं, आणि त्यांच्याशी आईसारखं नातं जुळणं. नणंदबाई तिन्हींची एकच मोळी बांधून तुमच्या डोक्यावर देतात. ती सोडा. आकस तुमच्या मनात आहे, तो जाईल तेव्हा जाईल. शुश्रूषा हे घराचं काम आहे, ते वाटून घेता येतं. आणि नातं जुळायला दोघी लागतात. त्यातली एक आज बोलू शकत नाही आणि बोलू शकत होती तेव्हा बोलली नाही. हे तिसरं कदाचित होणारच नाही. न झालं तरी पहिली दोन होऊ शकतात.

या विषयाचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला त्यांच्यात एव्हरेट वर्दिंग्टन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत. ते क्षमेचे दोन भाग पाडतात. एक निर्णयाची क्षमा : मी उट्टं काढणार नाही, वागायचं तर माणसासारखं वागेन. हा निर्णय राग असतानाही घेता येतो, आज दुपारी घेता येतो. दुसरी भावनेची : आठवण आली तरी दात आवळले जात नाहीत. तिला वेळ लागतो आणि ती हुकमानं येत नाही. क्षमेवरच काम करणारे दुसरे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांच्या कामातूनही हेच दिसतं. "ठरवून टाका, माफ करून टाका" एवढंच सांगणाऱ्या एका बैठकीच्या उपायानं फारसं काही हलत नाही. काय झालं ते आधी नीट उघडं करून टप्प्याटप्प्यानं केलेलं काम टिकतं. निघताना चपला घालता घालता दिलेला "माफ करा" हा सल्ला त्यामुळेच तुम्हाला लागू पडत नाही. यात तुमच्या मनाचा काही दोष नाही.

नाथांची गोष्ट तुम्हाला टोचली, तीही जरा निरखून बघू. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक माणूस थुंकला, ते पुन्हा नदीवर गेले, असं 108 वेळा झालं, अशी आख्यायिका आहे. नाथांची शांती मोठीच. पण प्रत्येक वेळी त्यांना नदीवर जाता येत होतं. त्या माणसाला भरवायचं, धुवायचं, रात्री दोनला उठून त्याची कूस बदलायची हे काम त्यांच्या गळ्यात नव्हतं. तुमच्याकडे नदी नाही, आणि घाव अजून चालूच आहेत. जुन्या जखमेवर खपली धरायला रोज नवा ओरखडा थांबावा लागतो.

तो ओरखडा कुठून येतो, ते तुमच्याच पत्रात आहे. सासूबाईंवर तुम्ही तीन पानं लिहिली आहेत. यजमानांवर चार ओळी, आणि त्याही त्यांना सांभाळून घेणाऱ्या. "पोळ्या उरकून जा" हे सासूबाई म्हणाल्या तेव्हा हे गृहस्थ घरात होते की नव्हते? होते, असं पत्रातल्याच एका वाक्यावरून दिसतं. ते "आई, तिला जाऊ दे" म्हणाले नाहीत, आणि आता त्यांच्याच्यानं बघवत नाही. ताई, तुमच्या रागाचा बराचसा हिस्सा त्यांच्या नावावरचा असावा असं मला वाटतं. अंथरुणावरच्या माणसावर रागावणं सोपं असतं. ज्याच्याशी संसार करायचा त्याच्यावर रागावलं तर घर हलतं. पण एकाच्या वाटणीचा राग दुसरीवर काढत राहिलात तर कितीही क्षमा केली तरी शिल्लक उरणार. आणि तुमच्या क्षमेची सोय सगळ्यात जास्त कुणाला आहे, तेही पाहा. तुम्ही हसतमुखानं करायला लागलात की यजमानांना आणि नणंदबाईंना काहीच करावं लागत नाही.

इथं एक गोष्ट माहीत असलेली बरी. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या कायद्यात "मुलं" म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सून त्या व्याख्येत नाही. म्हणजे सासूबाईंच्या पालनाची कायदेशीर जबाबदारी तुमच्या यजमानांइतकीच पुण्याच्या नणंदबाईंची आहे. लग्न होऊन गेली म्हणून मुलगी सुटत नाही. (याच कायद्यात, ज्याच्याकडे ज्येष्ठ माणसाची देखभाल आहे त्यानं त्यांना वाऱ्यावर सोडलं तर शिक्षाही आहे, तेव्हा "मी उद्यापासून करत नाही" हा मार्ग नव्हे.) कायदा दाखवून भांडा असं मी म्हणत नाही. "सुनेचंच काम" हे गृहीत धरून जे चाललंय त्याला कायद्याचा आधार नाही, एवढं मनाशी पक्कं असू द्या. बोलताना आवाज थरथरत नाही.

बोलायच्या आधी तीन दिवस एक कागद लिहा. पलंगाशेजारी वही ठेवा आणि प्रत्येक कामाची वेळ आणि करणाऱ्याचं नाव टाका. माझा अंदाज सांगते. दर दोन तासांनी कूस म्हणजे दिवसाला 12 वेळा. तीन वेळचं भरवणं, प्रत्येकी अर्धा ते पाऊण तास. भांडं किंवा डायपर पाचसहा वेळा. अंग पुसणं, दोन वेळा व्यायाम, औषधं, चादरी धुणं. सगळ्यांपुढे एकाच माणसाचं नाव येईल. "मी खूप दमते" या वाक्याला "हो गं, तू आहेस म्हणून" असं उत्तर मिळतं. तीन दिवसांच्या कागदाला ते देता येत नाही.

वाटणी करताना "मदत करा" म्हणू नका, वेळ नेमून द्या. मुलाला आईचं अंग पुसायला संकोच वाटतो हे खरं आहे, तेव्हा ते सोडा. रात्रीचं जेवण यजमानांनी भरवावं, दहाची आणि पहाटे सहाची कूस त्यांनी बदलावी. बघवत नसेल तर पहिले आठ दिवस तुम्ही दाराशी उभ्या राहा, नवव्या दिवशी राहू नका. अंग पुसायला, डायपरला सकाळी तीन तास मावशी मिळाली तरी फरक पडतो. बारा तासांची ब्यूरोची बाई परवडत नसेल तर तीन तासांनी सुरुवात करा. हवा भरत-सोडत राहणारी गादी (एअर बेड) आणि वरखाली होणारा पलंग वैद्यकीय साहित्याच्या दुकानात भाड्यानं मिळतो. गादी चांगली असेल तर रात्री कूस बदलण्यात किती अंतर चालेल ते डॉक्टरांना विचारा. तीन-चार तास सलग झोप मिळाली तर तुमच्या रागाचा रंगसुद्धा बदलेल, हे मी थट्टेनं म्हणत नाही. आणि आठवड्यातून एक अर्धा दिवस घराबाहेर. भाजी आणायला जाणं त्यात धरायचं नाही.

मग "वरवर प्रेम दाखवू का?" नको. खोटं प्रेम दोघींनाही कळतं, आणि ते करण्यात जी ताकद जाते ती पुढे कुठंतरी उट्टं काढून वसूल होते. माया येत नसेल तर पद्धत आणा. चांगल्या नर्सला प्रत्येक रुग्णावर माया नसते, तिच्या हाताला पद्धत असते. हात लावायच्या आधी सांगायचं, "आता डावीकडे वळवते," आणि दोन श्वास थांबायचं. लुळ्या उजव्या हाताला धरून ओढायचं नाही. त्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, सांधा निसटतो आणि दुखणं कायमचं लागतं. खांद्याच्या फऱ्यामागे आणि कमरेखाली हात घालून वळवायचं. (रागाच्या दिवशी हात नेमका तिथंच ओढला जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं.) भरवताना शक्य तितकं ताठ बसवायचं, चमचा अर्धा भरायचा, तो तोंडाच्या डाव्या, चांगल्या बाजूनं द्यायचा, गिळल्याशिवाय पुढचा नाही. शेवटी उजव्या गालात घास अडकलाय का ते पाहायचं आणि अर्धा तास तसंच बसू द्यायचं. पातळ पाण्यानं ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते फुफ्फुसात जातं. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज बघायच्या. लाल डाग बोटानं दाबून पांढरा पडत नसेल तर तिथं जखम सुरू झाली आहे. तो चोळायचा नाही, त्यावरचा भार काढायचा. अंग पुसताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवायचा. या सगळ्याला दयाच म्हणतात, आणि मनात आकस असताना ती करता येते. उलट बऱ्याचदा हात असे वागायला लागले की मन मागून येतं. नाही आलं तरी सासूबाईंचं काही बिघडत नाही.

आता "अवदसा". बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं, आणि डाव्या बाजूला इजा झाली की उजवं अंग जातं. म्हणून ज्यांचं उजवं अंग जातं त्यांच्यात वाचा जाण्याचं प्रमाण जास्त. पण विचार करून जुळवलेली वाक्यं गेली तरी तोंडात बसलेले शब्द पुष्कळदा शाबूत राहतात. आकडे, आरत्या, देवाचं नाव, आणि शिव्या. "पाणी" म्हणायला जातात आणि "अवदसा" बाहेर पडतं, असंही होऊ शकतं. 27 वर्षांच्या सवयीचा शब्द उरला हे कडू आहेच, पण दर वेळी तो तुमच्यासाठीच असतो असं धरू नका. एक करून पाहा : संध्याकाळी दिवा लावल्यावर त्यांच्याजवळ बसून त्यांना पाठ असलेली आरती म्हणा. ज्यांना शब्द सापडत नाही त्यांना चालीवर कधीकधी पूर्ण कडवं येतं.

त्याचीच दुसरी बाजू अशी की त्या तुमच्याकडे बघून रडल्या तर त्याला पश्चात्ताप समजू नका. या आजारात कधीकधी रडू आणि हसू ताब्यात राहत नाही. शिवाय झटक्यानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं आणि त्यावर औषध असतं, तेही विचारून घ्या. आजारपण म्हणजे माफी मागणं नव्हे. पोळ्यांचा दिवस खरा होता, तेव्हा त्यांचा मेंदू शाबूत होता. हे दोन्ही एकदम डोक्यात ठेवणं जड जातं, पण ठेवावं लागेल.

मनातल्या आकसासाठी एक काम सांगते. ओळीनं चार दिवस, दिवसाला 20 मिनिटं, दार लावून लिहा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात तपासून पाहिलेली ही पद्धत आहे. शुद्धलेखन बघायचं नाही, वाचून कुणाला दाखवायचं नाही. पहिल्या दिवशी फक्त पोळ्यांचा दिवस : पीठ किती होतं, तव्यावर काय चाललं होतं, एसटी किती वाजता मिळाली. दुसऱ्या दिवशी त्यात यजमान कुठं होते. तिसऱ्या दिवशी त्या दिवसानं तुमच्याकडून काय नेलं. चौथ्या दिवशी आता काय उरलंय. लिहून झाल्यावर पहिल्या एकदोन दिवशी जास्त वाईट वाटतं, तेव्हा लगेच सासूबाईंच्या खोलीत जाऊ नका. मध्ये अर्धा तास राहू द्या. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटलं तर लिहिणं थांबवा आणि डॉक्टरांना भेटा.

यातून एक गोष्ट सुटी होते. "सासूबाईंना माफ करणं" हे फार मोठं गाठोडं आहे, ते एकदम उचलत नाही. टोमणे आधी सुटतील. बारशाचं त्यानंतर, कदाचित मुलगी स्वतः काय म्हणते ते ऐकल्यावर. पोळ्यांचा दिवस सगळ्यात शेवटी. तो सुटला असं वाटेल आणि वडिलांच्या तिथीला परत उसळेल. तेव्हा आपण मागे घसरलो असं समजू नका. "त्यांनाही त्यांच्या सासूनं छळलं असेल" हा विचार सगळे आधी सुचवतात. तो खराही असेल, पण तो शेवटी करायचा. आधी केला तर आपलं दुःख आपणच दडपतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो.

सासूबाईंना हे बोलून दाखवायचं का? बोलता न येणाऱ्या माणसाला अंथरुणात गाठून हिशेब मागू नये. पण त्यांना ऐकून पुष्कळ कळत असेल. आधी दुसरं बोला. एखाद्या दुपारी, त्या कोरड्या असताना, जेवण झाल्यावर, खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसा आणि त्या दहा मिनिटांबद्दल सांगा : "त्या दिवशी चमचा ऐकूनही मी आले नाही. चुकलं माझं. पुन्हा करणार नाही." उत्तराची वाट बघू नका, हात धरायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. या वाक्यानं तुमच्या वडिलांचा हिशेब फिटत नाही, फिटवायचाही नाही. तुमचं वागणं त्यांच्या वागण्याला बांधलेलं होतं, ती गाठ मात्र तिथं सुटते. पुढे कधी वाटलं तर दुसरं वाक्य, तेही एकदाच : "बाबांच्या वेळी मला थांबवलंत, ते मला फार लागलं." वाटलं नाही तर राहू द्या.

हे वाचणाऱ्या इतर कुणाच्या घरी छळ आजही चालू असेल, सासू हिंडतीफिरती असेल, नवरा हात उचलत असेल, तर वरचं काहीच तुमच्यासाठी नाही. तिथं क्षमेच्या आधी सुरक्षितता. 181 ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवता येते. अंथरुणावरच्या वडीलधाऱ्यांचं काय करावं हे सुचत नसेल तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची वाहिनी आहे.

ताई, येत्या खेपेला नणंदबाई आल्या आणि निघताना तेच म्हणाल्या, तर तीन दिवसांचा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि यजमानांनाही बसवा. म्हणा, "वन्सं, माफीचं माझं मी बघते. तुम्ही पुढच्या महिन्यात आठ दिवस राहायला या, दुपारी दोनची आणि रात्री दोनची कूस तुमची." त्यांना जमणार नसेल तर मावशींच्या पगारात कोण किती घालणार, ते त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घ्या. चहा त्यानंतर टाका.